खंडेनवमीचा नग

युनियनचा सेक्रेटरी म्हणून माझी निवड झाली ती कर्तबगारीवर झाली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं तो गैरसमज इथंच सोडावा. मी टर्नर होतो. कुपवाडच्या त्या सबंध कारखान्यात माझ्याइतका वाईट टर्नर दुसरा नव्हता. इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या दांड्या लेथवर कातायच्या, एवढंच काम. पण माझी दांडी तपासनिसाच्या टेबलावर पोचली की तो न मोजताच लाल रंगाचा ब्रश उचलायचा. "बाकीच्यांचं मोजून टाकतो, तुमचं वळखून टाकतो," म्हणायचा. मग निवडणुकीच्या गेट मीटिंगला कुणीतरी ओरडलं, "ह्येला करा रं सेक्रेटरी! ह्यो मशिनीवरनं उठला तर मालकाचं बी कल्याण, आपलं बी." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझी दुसरी लायकी म्हणजे साताऱ्याच्या शाळेत मी मॅट्रिकला इंग्रजीत काठावर का होईना, पास झालो होतो.

इंग्रजी लागायचं, कारण मालक समुद्रापलीकडचा. आमच्या बापजाद्यांना मालक म्हणजे कोण ते ठाऊक होतं. गुऱ्हाळाचा असो, गिरणीचा असो, त्याच्या पायरीवर जाऊन बसता यायचं, भांडता यायचं, वेळ आली तर त्याच्या म्हाताऱ्या आईला मध्ये घालता यायचं. हा मालक कुठल्या पायरीवर बसतो तेच कळेना. वर्षातून एकदा एक गोरा साहेब यायचा, हात जोडून "नमस्कार" म्हणायचा, सगळ्या यंत्रांवरून बोट फिरवून धूळ बघायचा आणि जायचा. बाकी वर्षभर पर्सोनेल मॅनेजर. हा पुण्याचा, फार गोड. काही मागायला गेलं की खुर्ची द्यायचा, चहा सांगायचा आणि म्हणायचा, "वर विचारतो." वर म्हणजे कुठं, हे विचारायची सोय नव्हती. मुतारीला दार बसवायचं तेसुद्धा वर विचारलं गेलं. दार आलं तेव्हा पावसाळा संपला होता.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या साली वरून घड्याळ आलं. घड्याळ म्हणजे स्टॉपवॉच, आणि ते धरायला एक नवा तरणा इंजिनियर. तो एकेकाच्या पाठीमागं उभा राहायचा, दांडी लेथच्या चकात, म्हणजे जबड्यात, धरली की कळ दाबायचा, काढली की दाबायचा. पाठीमागं कुणी ताटकळत उभं असलं की माणसाचं काय होतं, हे आमच्या मुतारीत रांग लावलेल्याला सांगावं लागत नाही. चांगल्या चांगल्यांचे हात चुकायला लागले. मला त्यानं घड्याळ एकदाच लावलं. "तुम्हाला कॅलेंडर लागेल," म्हणाला आणि पुढं गेला. मी हसलो. त्या घड्याळाची भीती ज्यांना काम येत होतं त्यांनाच होती.

माझ्या शेजारच्या लेथवर आटपाडीकडचा एक धनगर गडी होता. पिढ्यान्पिढ्या मेंढरं राखलेलं घर. यंत्रावर हात बसलेला त्या घरातला हा पहिलाच. पक्का झाल्याचा कागद मिळाला त्या आठवड्यात त्यानं आपल्या वाटणीची मेंढरं चुलतभावांच्या कळपात सोडून दिली. "काठी बी दिऊन आलो," म्हणाला. "आता काय करायची?" सकाळी लाल पटका बांधून सायकलवरून यायचा. यंत्राजवळ पटका चालत नसे, कपडा गुंतून माणूस आत ओढला जातो म्हणून. मग गेटवर उतरून तो पटका सोडायचा, घडी करून काखेत मारायचा आणि बोडक्यानं आत शिरायचा. देवळात शिरताना आपण चपला काढतो तसा.

इंजिनियर त्याच्या मागं लागोपाठ तीन दिवस उभा राहिला. आधी मोजलेलं परत मोजायचं, मग "अजून जरा लवकर होईल का?" तिसऱ्या दिवशी दुपारी गड्यानं लेथ बंद केला, हात पुसले, इंजिनियरच्या हातातलं घड्याळ अलगद काढून घेतलं आणि लेथखालच्या कूलंटच्या दुधाळ पाण्यात सोडलं.

"लय पळून तापलंय ते," म्हणाला. "जरा गार हू दे."

सगळं मशीन शॉप हसलं. मी सगळ्यांत मोठ्यानं. घड्याळ बुडवल्याचं कंपनीनं कदाचित पोटात घातलं असतं, ते हसणं घातलं नाही. संध्याकाळी गड्याच्या हातात चार्जशीट पडलं: अधिकाऱ्यावर हात टाकणं आणि कंपनीच्या मालमत्तेची नासधूस.

चौकशीत त्याच्या बाजूनं बोलायचा मान अर्थात सेक्रेटरीचा. मी तयारी केली. घड्याळ वॉटरप्रूफ आहे, म्हणजे नासधूस झालेलीच नाही, असा मुद्दा मी काढला. इंग्रजीत मांडला, टेबलावर मूठही आपटली. चौकशी अधिकाऱ्यानं शांतपणे खणातून घड्याळ काढून माझ्यापुढं ठेवलं. ते बंद होतं. मी ते कानाला लावून बघितलं, हलवून बघितलं. त्यातून पाणी गळून माझ्या मुद्द्यांच्या कागदावर पडलं. गडी माझ्याकडं बघत होता. "सेक्रेटरी," म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता."

त्याला बडतर्फ केलं. इंजिनियरची माफी मागायला तो तयार होता, मागितलीही. पर्सोनेल मॅनेजर म्हणाला, "माझ्या हातात असतं तर कालच घेतला असता. वरून आलंय." दुसऱ्या दिवशी आम्ही संप पुकारला. मागणी एकच: गड्याला परत घ्या.

संप म्हणजे पहिले काही दिवस जत्रा. गेटसमोर ताडपत्री ठोकली, कुणी ढोलकी आणली, आसपासच्या वर्कशॉपातली माणसं सायकलवरून जाता जाता घोषणा देऊन जात. आमच्यातल्या पुष्कळांची घरची शेती होती, ऊस होता. ते सकाळी उसाला पाणी पाजून संपावर यायचे. कुणाच्या तासगावच्या सासुरवाडीकडनं जोंधळ्याचं पोतं आलं. गड्याकडं मात्र यातलं काहीच नव्हतं. त्याची बायको लोकांच्या रानात भांगलायला जायला लागली. तो रोज सगळ्यांच्या आधी ताडपत्रीखाली येऊन बसायचा, पटका बांधून, तोंड गेटकडं करून. कुणी भाकरी पुढं केली तर अर्धी खायचा. "माझ्यापायी तुमी उपाशी," म्हणायचा. त्यावर आमचे अध्यक्ष सुभेदार ओरडायचे. सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, साताऱ्याकडचेच, सगळं आयुष्य हुकूम ऐकण्यात आणि सोडण्यात गेलेलं. "चूप बैठो! तुज्यापायी न्हाई. उद्या माज्या पाठीमागं घड्याळ घिऊन हुबा ऱ्हायला तर मी त्येला गोळीच घालीन, म्हनून चाललंय हे."

मग गणपती गेले, पितृपंधरवडा गेला आणि जत्रा आटली. ढोलकीवाला ढोलकी घरी घेऊन गेला. माणसं ताडपत्रीखाली एकमेकांकडं न बघता बसायची. आणि नवरात्र बसलं तसं एक वेगळंच दुखणं सुरू झालं. खंडेनवमी जवळ येत होती.

ज्यांच्या घरात हत्यार नाही त्यांना हे समजणार नाही. आमच्याकडं खंडेनवमीला कोयत्यापासून नांगरापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. हातानं वर्षभर ज्याच्यावर जोर काढला त्याच्यापुढं त्या दिवशी वाकायचं. कारखान्यात यंत्राला झेंडूची माळ, पुढं नारळ. आणि आमच्या शॉपची आणखी एक रीत होती. ती कुणी घातली कोण जाणे. नारळ फुटला की प्रत्येकानं आपल्या यंत्रावर एक नग कातायचा आणि शॉपच्या मधोमध देवीच्या तसबिरीपुढं नेऊन ठेवायचा. पहिला नग देवीचा. तो काढल्याशिवाय पूजा लागत नाही, असं सगळे मानायचे. त्या नगाला तपासनीस हात लावत नसे. म्हणून तो दिवस माझा फार आवडता.

आता यंत्रं कुलपात. गंजत असतील, म्हणायचं कुणी. "घरात बाई इचारती," एकजण म्हणाला, "की औंदा मशिनीला फूल न्हाई, तर वरीसभर बोटं जाग्याव ऱ्हातील का म्हून." कुणी हसलं नाही. सुभेदार म्हणाले, पलटणीतसुद्धा दसऱ्याला बंदुका पुजतात. लढाई चालू असली तरी.

आणि मला कल्पना सुचली.

मी इंग्रजीतून अर्ज लिहिला: पूजेपुरतं तासभर आत सोडा, पूजा करून परत येऊ. कंपनी नाही म्हणेल, मग धर्मात आडवी आली म्हणून गावभर बोंब मारू, असा माझा डाव. पण उत्तर त्याच संध्याकाळी आलं: जरूर या. वर विचारावंच लागलं नाही. मला त्यात माझ्या इंग्रजीचा विजय दिसला. अट एकच, बडतर्फ माणसाला आत प्रवेश नाही.

ताडपत्रीखाली मी ती अट वाचून दाखवली. "त्येला भाईर ठिवून कसं जायाचं?" कुणीतरी म्हणालं. सगळे गड्याकडं बघायला लागले, म्हणजे त्यानंच काय ते बोलावं म्हणून.

"जावा की," तो म्हणाला. "द्येवाचं हाय, त्येला कशाला आडवं घालायचं?" मग कनवटीची पुडी काढून माझ्या हातात दिली. भंडारा होता. "तेवडं माज्या मशिनीला लावा."

नवमीला आम्ही आत गेलो. अंघोळी करून, धुवट कपडे घालून, कपाळाला टिळा लावून. गंजाची भीती होती ती फुकट. यंत्रं तेल पिऊन तुकतुकीत. फरशी पुसलेली. मेन स्विच चालू. पर्सोनेल मॅनेजर दारात हसत उभा, शेजारी फोटोग्राफर, दरसालचाच. कंपनीला आमची एवढी काळजी बघून मला भरून आलं. मी तसं इंग्रजीत म्हणूनही दाखवलं.

माळा घातल्या. लोकं यंत्रावरून हात फिरवत होती, थोपटत होती. एक दांडगा माणूस चकावर कपाळ टेकून रडला आणि मग इकडंतिकडं बघून घाम पुसल्यासारखं केलं. नारळ फुटले. सुभेदार म्हणाले, "चालू करा रं," आणि सगळं शॉप एकदम बोलायला लागलं. किती दिवसांनी तो आवाज आला. तो पायातून वर चढतो, छातीत बसतो. त्या क्षणी संप, मागणी, काही कुणाच्या ध्यानात नव्हतं. दांड्या चकात धरल्या गेल्या, लोखंडाची कात निळी होऊन उडायला लागली. मी माझा नग काढला. मग शेजारचा लेथ बघितला. भंडारा लावून तो गप्प उभा होता. सगळी यंत्रं फिरताहेत आणि एकच पुजून मुकी, हे मला बघवेना. त्याचा नग कोण काढणार? मी त्याच्या लेथवर गेलो, त्याच्या नावानं दांडी धरली आणि चालू केलं. फोटोग्राफर पुढं आला. "इकडं बघा, सेक्रेटरी." मी बघितलं. केसावरून हात फिरवला आणि हसलो. एवढंच नव्हे, "आणखी एक घ्या," असंही म्हणालो.

प्रसादाचं खोबरं घेऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा गडी ताडपत्रीखाली नव्हता. गेटच्या दांड्याला लागून उभा होता. पटका सोडलेला, घडी करून काखेत, बोडकं डोकं ताठ. त्यानं आत सगळी यंत्रं सुरू झाल्याचा आवाज ऐकला होता. त्यात स्वतःच्या लेथचाही, तो त्याला कुठूनही ओळखू येत असे. त्याच्या तोंडावर एवढं हसू मी कधी बघितलं नव्हतं.

"मिटलं न्हवं?" त्यानं मला विचारलं. "कुठल्या पाळीला यिऊ?"

माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता, तो मी पुढं केला. त्याला ते दिसलं नाही. त्यानं सुभेदारांना विचारलं, "आवं सुभेदार, कुठल्या पाळीला?" सुभेदार पलटणीत कधी कुणापुढं मान खाली घालणारे नव्हते. त्यांनी चपलेकडं बघितलं. माणसं एकेक करून सायकली काढायला गेली. गडी तसाच उभा राहिला. मग त्याचं त्यालाच उमगलं असावं. त्यानं काखेतून पटका काढला आणि बांधायला घेतला. बांधायला त्याला वेळ लागला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेटवर नोटीस लागली: कामगारांनी आपण होऊन काम सुरू केलं आहे, उत्पादन झालं आहे, संप संपला आहे, जे हजर होणार नाहीत ते कामावरून गेले. शेजारी फोटो. मधला, सगळ्यांत मोठा, माझा. बडतर्फ माणसाच्या लेथवर युनियनचा सेक्रेटरी हसत दांडी काततोय. मी ताडपत्रीसमोरच्या बाकड्यावर चढलो आणि भाषण सुरू केलं: "मित्रहो, हा कावा आहे, ही फसवणूक..."

"आदी खाली उतर," एकजण म्हणाला. "तू सोता हसतुयास की फोटूत. आन आमी आत जायाचं न्हाई?"

"अरे पण ती पूजा होती!"

"व्हय, पूजाच हुती," दुसरा म्हणाला, फार हळू. "पर मशीन लागली की हाताला परत. आता भाईर बसवत न्हाई."

खरं होतं. कंपनीनं कावा केला असेल-नसेल, आवाज आमच्या छातीत बसला होता. आठवडा संपायच्या आत सगळे आत गेले. सुभेदार शेवटी गेले, बूट पॉलिश करून, कवायतीला जावं तसे. त्यांच्या मागून मी.

पुढं गड्याच्या बडतर्फीचा दावा कोर्टात गेला, तिथं माझी साक्ष झाली. कंपनीच्या वकिलानं देवीपुढचे नग आणून टेबलावर मांडले. माझा मला ओळखता आला, एका टोकाला जाड. त्याच्यावर या खेपेला तपासनिसाची हिरवी खूण होती. सगळ्या नोकरीत माझा पास झालेला तो एकच नग.

"फोटोत तुम्हीच ना?"

"मीच."

"त्या यंत्रावर काय करत होतात?"

"पूजा."

"पूजेला यंत्रावर माल काढावा लागतो, असं कुठल्या पोथीत आहे?"

मी म्हणालो, "पोथीत नाही, आमच्यात आहे." लिहून घेणारा कारकून थांबला आणि न्यायाधीशांकडं बघायला लागला. तेही लिहू नका असं काही म्हणाले नाहीत, लिहा असंही नाही. निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. कामगारांनी ती मागणी स्वतःच सोडून दिली होती, हे त्यातलं एक कारण.

गड्याला मी सांगलीच्या स्टँडवर पोचवायला गेलो. बायको आधीच गावी गेली होती. चुलतभावांकडं राखायला राहणार होता. तीच मेंढरं, आता दुसऱ्याची. आटपाडीची गाडी लागली नव्हती. मी काहीबाही बोलत होतो. अपील करू, वकील बदलू. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला,

"माज्या मशिनीवर कोन हाय आता?"

संप मिटल्यावर पर्सोनेल मॅनेजरनं मला बोलावून खुर्ची दिली होती, चहा सांगितला होता. "त्या यंत्रावर तुमचा हात चांगला बसलाय, तुम्हीच सांभाळा," म्हणाला होता. मला नाही म्हणता आलं असतं. त्यानं तिथं दुसरा कुणी लावला असता, एवढंच.

"मीच," मी म्हणालो.

गड्यानं माझ्याकडं बघितलं. कोर्ट झालं, संप झाला, इतक्या महिन्यांत तो माझ्यावर एकदाही रागावला नव्हता. आताही नाही. तो हसला, मोठ्यानं, गाडीची वाट बघत बसलेली माणसं वळून बघतील असा.

"मग मोडली म्हना की," म्हणाला.

गाडी लागली. त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. माझी दुपारची पाळी होती. उशीर केला तर अर्धा दिवस जातो, म्हणून गाडी सुटायच्या आधीच मी सायकल काढली आणि कुपवाडच्या रस्त्याला लागलो.